नांदखोऱ्याचा फोटो कुणी काढला?

डोळे मिटलेलं गिऱ्हाईक आमच्या स्टुडिओतून बाहेर जात नाही. म्हणजे माणूस जातो, फोटो जात नाही. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, हा पहिला नियम. लग्नातल्या ग्रुप फोटोत एक आत्या हमखास डोळे मिटते, एखादं पोरगं मान वळवतं आणि नवरदेवाचा मित्र नेमका तेव्हाच जांभई देतो. मग चार-पाच फोटो घ्यायचे, आत्याचे उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून उचलायचे, पोराची मान तिसऱ्यातून, आणि सगळं कम्प्युटरवर एकावर एक बसवून त्यातून एकच फोटो करायचा. ह्याला आम्ही जोडकाम म्हणतो. मी वैजयंता ताजणे, संगमनेरला ‘रंगनाथ फोटो स्टुडिओ’ चालवते आणि जोडकामात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला येत नाही.

वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं केलंय मी, आणि त्यांची सावली मांडवातल्या बाकीच्या सावल्यांच्या दिशेनेच पाडलीय. दुबईत अडकलेला मुलगा, रुसून न आलेली जाऊ, घटस्फोट झालेल्या जावयाच्या जागी फुलांची कुंडी, सगळं केलंय. लोक समोर बसून सांगतात, ‘ताई, ह्याला काढा, त्याला घाला.’ मी काढते, घालते. आमचा धंदाच तो.

अण्णा आता ब्याऐंशीचे. कॅमेरा हातात धरवत नाही, पण रोज सकाळी काउंटरजवळच्या खुर्चीत येऊन बसतात आणि आल्यागेल्याला मागच्या भिंतीवरचा मोठा फोटो दाखवतात. नांदखोऱ्याचा फोटो. शाळेच्या पुस्तकात आहे तो, पोस्टरांवर होता, एका वर्षी सरकारी कॅलेंडरवरही होता.

गोष्ट दोन हजार नऊ सालची. नांदखोऱ्यातल्या बायकांनी गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून मतदान मागितलं. चिठ्ठीवर दोन चित्रं असायची, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर जास्त शिक्के पडले की दुकान बंद. त्या दिवशी कुणाच्या नवऱ्याने बायकोला घरात कोंडलं, कुणी चूल लाथाडली, एकीचं तर डोकं फोडलं, तरी बाटली आडवी झालीच. निकाल लागल्यावर चाळीसेक बायका शाळेच्या पायऱ्यांवर फोटोला बसल्या. मधोमध त्यांची म्होरकी हौसाबाई, तिच्या मांडीवर साखर वाटायचा पितळी हंडा. आणि सगळ्या जणी थेट कॅमेऱ्यात बघून हसताहेत. एकीची मान खाली नाही, एकीचा पदर तोंडावर नाही, एकीचेही डोळे मिटलेले नाहीत. मार खाल्लेल्या बायका अशा हसतात, हे त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं. फोटोखाली नाव होतं, छायाचित्र: रंगनाथ ताजणे. त्यावर राज्याचं बक्षीस मिळालं. अण्णा बत्तीस वर्षं तीच गोष्ट सांगत आले, ‘मी फक्त म्हणालो, बायांनो, वर बघा! आणि बघितलं की!’

मी त्या दिवशी तिथे नव्हते. पुण्याला ॲनिमेशनचा कोर्स करत होते. पण ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मी तिथेच उभी होते असं मला वाटायचं.

मग साक्षी आली आणि आमच्या धंद्याची कंबरच मोडणार असं सगळ्यांना वाटलं.

साक्षी हा एक प्रोग्राम. त्यातलं विज्ञान मला मृण्मयीने समजावून सांगितलं. मृण्मयी घोलप म्हणजे आमच्या जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या नव्या लोकसंग्रहालयाची प्रमुख. वय तिशीच्या आत, बोलणं असं भराभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. ती म्हणाली, ‘ताई, फोटो काढणारा फोटोत नसतो असं आपण धरून चालतो ना? तो असतोच. समोरच्याच्या डोळ्यात असतो.’

माणसाचा डोळा म्हणजे बाहेर फुगलेला इवलासा आरसा. समोर जे असेल ते त्यात उमटतं, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा. ग्रुप फोटोत एकेक डोळा म्हणजे जेमतेम काही ठिपके, त्यातलं प्रतिबिंब तर एका ठिपक्याहूनही लहान. नुसतं बघून काय कळणार, कपाळ! पण प्रत्येक डोळा वेगळ्या जागी आणि वेगळ्या कोनात असतो. कुणाच्या ठिपक्यात फोटो काढणाऱ्याचा खांदा जरा जास्त सांडतो, कुणाच्या जरा कमी. कोण कुठे बसलंय हे कळलं की साक्षी त्यावरून उलटा हिशेब करते आणि सगळ्या ठिपक्यांची बेरीज मांडते. त्या बेरजेत चुका एकमेकींना खोडून टाकतात आणि खरं तेवढं मागे उरतं. अंधुक तारे दिसावेत म्हणून शास्त्रज्ञ आकाशाच्या एकाच तुकड्याचे शेकडो फोटो एकावर एक ठेवतात, तीच ही युक्ती. मला हे आमच्या गल्लीसारखं वाटलं. भांडण झालं की एकाला विचारून काही कळत नाही, पण घरोघरी विचारत गेलं की सगळं भांडण डोळ्यासमोर उभं राहतं. डोळेच नाही, गॉगल, बांगड्या, घासलेली भांडी, मोटारीचं बॉनेट, जे जे चकाकतं ते ते साक्षीला चालतं.

ह्या बयेने लोकांची झोप उडवली. ‘मित्राने काढलाय’ म्हणून दाखवलेल्या फोटोच्या गॉगलमध्ये मैत्रीण निघाली आणि आमच्या आळीतलं एक ठरलेलं लग्न मोडलं. पूरग्रस्तांना ब्लँकेट वाटणारे एक दादा एसी हॉलमध्ये उभे असल्याचं निघालं. शेवटी सरकारने नियम काढला. फोटो जोडलेला असेल तर तसं जाहीर करायचं, कुठला भाग कुणी काढला ते नावानिशी नोंदवायचं, मग ते ‘जाहीर जोडचित्र’. न सांगता जोडलेलं सापडलं तर त्यावर ‘बनावट’ शिक्का, आणि तो सरकारी नोंदीत कायमचा. मला जाहीर करायला कसली लाज? मी माझ्या आजोबा-नातवांच्या फोटोंखाली ‘जोडकाम: वैजयंता’ असं मोठ्या अक्षरात टाकायला लागले. धंदा उलट वाढला.

संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर नांदखोऱ्याचा फोटो लागणार होता, दोन माणसांच्या उंचीचा. उद्‍घाटनाला अण्णांचा सत्कार. अण्णांनी नवीन सदरा शिवायला टाकला होता आणि शिंप्याला दोनदा झापून झालं होतं. मृण्मयीने मूळ फाइल मागितली, मी मोठ्या ऐटीत पाठवली. फोटो लावण्याआधी साक्षीतून जाणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे की, अण्णा दिसतील सगळ्यांच्या डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयीचा फोन आला. आज ती सावकाश बोलत होती.

‘ताई, आजोबा जवळ आहेत का?’

‘जेवून आडवे झालेत. का गं?’

‘फोटो नापास झालाय. पितळी हंड्यात पँट-शर्टातला उंच माणूस कॅमेरा धरून उभा दिसतो. ते आजोबा असणार. पण बायकांच्या डोळ्यांची बेरीज केली तर तिथे दुसरंच कुणीतरी येतं. बुटकं, आणि बहुतेक साडीत. एकाच जागी, एकाच क्षणी दोन माणसं कॅमेरा धरून उभी राहू शकत नाहीत ना. साक्षी म्हणते, बनावट.’

‘जोडलेला असेल,’ मी म्हणाले. ‘आमच्याकडे सगळेच ग्रुप फोटो जोडलेले असतात. त्यात बनावट कसलं?’

‘मग कुणी काय काढलं ते नावासकट कळवा ना. मला आज संध्याकाळी अहवाल पाठवायचाच आहे. नाही कळलं तर शिक्का बसेल, फोटो भिंतीवर लागणार नाही, आणि पुस्तकांतूनही काढतील. ताई, मला हे अजिबात नकोय हो. माझी आजी नांदखोऱ्याचीच.’

फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. बनावट म्हणे! त्या चाळीस बायका बनावट? फुटलेलं डोकं बनावट? चिडले की मला काम सुचतं. मी माळ्यावर चढले. अण्णांनी आयुष्यात काही फेकलं नाही, त्यामुळे त्या दिवसाच्या सीडी तिथेच होत्या. त्या वाचणारं यंत्रही त्यांनी जपून ठेवलं होतं. देवाची कृपा, चाललं.

पहिल्या पंचवीसेक फोटोंत सगळं जागच्या जागी होतं. पायऱ्या सरळ, रांगा नेमक्या, हंड्यावर फ्लॅशची सुरेख चमक. अण्णांचा हात. आणि एकूण एक बाई खाली बघत होती. कुणी डोळे मिटलेले, कुणी दातांत पदर धरलेला, हौसाबाईसुद्धा हंड्यात तोंड घालून बसलेली. विजयाचा फोटो कसला, मयताला आल्यासारख्या बसल्या होत्या.

पुढची सीडी लावली आणि मी खुर्चीतच सरसावून बसले. शाळा तिरकी, पाय कापलेले, वर नुसतं आभाळच आभाळ. आणि बायका हसत होत्या! पुढच्या फोटोत आणखी हसत होत्या. एक जण शेजारणीच्या खांद्यावर थाप मारत होती, हौसाबाईचं तर तोंड मिटत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा थेट माझ्यावर. आणि तिथल्या बहुतेक फोटोंत डाव्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, पुसट आलं होतं. बोट. लेन्सवर आलेला अंगठा. एकात तो जरा स्पष्ट होता, मी मोठा करून पाहिला. नखाला उभी चीर होती, विळीने कापल्यावर नख दुभंगून वाढतं तशी.

तो अंगठा मी जन्मापासून बघतेय. त्या अंगठ्याने मला घास भरवलाय, कानशिलात मारल्यावर तोच आधी गालाला लागलाय. माझ्या आईचा अंगठा होता तो.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. वय सत्त्याहत्तर, चष्म्याशिवाय काडी न काडी वेगळी करते. मी समोर जाऊन उभी राहिले.

‘आई, नांदखोऱ्याचा फोटो तू काढलास?’

तिने वर पाहिलं नाही. ‘कुणी सांगितलं?’

‘तुझ्या अंगठ्याने.’

‘बाई गं! आला होय तो?’ तिने अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि जुडी बाजूला ठेवली. ‘दार लोट ते. ते जागे होतील.’

मग तिने सांगितलं. हौसाबाई तिची आतेबहीण, म्हणून ती अण्णांबरोबर गेली होती. अण्णांनी बायकांना बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. ‘वर बघा, वर बघा’ म्हणून घसा कोरडा केला. पण परक्या पुरुषाने समोर उभं राहून वर बघा म्हटलं की त्या बायकांच्या माना आणखीनच खाली. घरी गेल्यावर ‘काय बघत होतीस त्याच्याकडे’ म्हणून पुन्हा मार खायचा, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

‘मग हौसा ओरडली, शाले, घे की तू ते डबडं हातात. तुझ्याकडं बघून हसू आम्ही, ह्या बाप्याकडं बघून काय हसायचं! सगळ्या हसायला लागल्या. ह्यांनी दिला कॅमेरा. रागातच दिला. माझे हात असे लटलट कापत होते. कुठलं बटण तेही ठाऊक नाही. हे म्हणाले, दाब. मी दाबतच राहिले.’

‘आणि नाव अण्णांचं?’

‘स्टुडिओचा शिक्का मारून फोटो पेपरला गेला, त्यांनी छापलं स्टुडिओवाल्याचं नाव. आणि जोडला तर ह्यांनीच. माझ्या फोटोत धड काही नव्हतं. आपल्या फोटोतल्या बायका घेतल्या आणि माझ्यातली तोंडं नेऊन बसवली. हंडा आपलाच ठेवला, चमक छान आली म्हणून.’

‘आणि मग बत्तीस वर्षं “मी म्हणालो, वर बघा”?’

‘सांगता सांगता त्यांना ते खरंच वाटायला लागलं गं. वाटू दे. सगळं आयुष्य लोकांच्या लग्नात उभं राहून काढलं त्या माणसाने, नाव झालं ते ह्या एका फोटोने. आता ह्या वयात त्यांची शोभा करतेस? माझं नाव कुठे घेतलंस तर बघ, वैजू. माझी शपथ आहे.’

मी काय सांगू तुम्हाला, मला तिचा असा राग आला आणि त्याच वेळी असा अभिमान वाटला की दोन्ही कुठे ठेवू कळेना. मी तिला मृण्मयीच्या संध्याकाळच्या अहवालाचं सांगितलं. नाव लावलं नाही तर शिक्का बसेल, आणि शिक्का बसला तर नुसते अण्णा नाही, हौसाबाई आणि सगळ्या जणी खोट्या ठरतील.

आईने मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. मग एकदम म्हणाली, ‘पण चांगला आलाय ना गं फोटो? रोज केर काढताना मी बघते. हौसा कशी हसतेय.’

मी उठले. शपथ घातली तर घातली. आजवर तिच्या किती शपथा मी मोडल्यात ते तिलाही माहीत आहे.

अण्णा जागे होऊन चहाची वाट बघत होते. मी त्यांना धरून कम्प्युटरसमोर आणलं आणि दोन्ही सीडींतले फोटो एकामागून एक दाखवले. साक्षीचा निकाल सांगितला. आईचं नाव घेतलं. अण्णा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

‘कुणाचं डोकं फिरलंय, त्या पोरीचं की तुझं? फोटो माझा आहे. कॅमेरा माझा, जागा मी ठरवली, बसवलं मी, जोडला मी. तिने बटण दाबलं असेल दोन-चारदा. बटण माकडसुद्धा दाबतं!’

‘अण्णा, तुमच्या फोटोंत एक तरी बाई वर बघतेय का? दाखवा ना.’

‘पुढे बघितलं त्यांनी!’

‘कुणाकडे?’

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते लपवत नव्हते, त्यांना खरोखर आठवत नव्हतं. बत्तीस वर्षांची गोष्ट त्या दुपारच्या वर साचून बसली होती. वाटलं, बंद करावं सगळं, बसू दे शिक्का. पण हात थांबला नाही. मी आईचे सगळे फोटो साक्षीत टाकले. तिरके, कापलेले, अंगठ्याचे, सगळे. चाळीस बायका, प्रत्येकीचे दोन डोळे, आणि तेही इतक्या फोटोंतले. मृण्मयीकडे एकाच फोटोतले डोळे होते. माझ्याकडे हजारांनी ठिपके होते.

पडद्यावर आधी नुसती राख पसरल्यासारखं दिसलं. ऊन बायकांच्या पाठीमागून येत होतं, म्हणजे कॅमेरा धरणारीवर थेट पडत होतं, त्यामुळे बेरीज लवकर जुळायला लागली. मधोमध उभा पट्टा आला. त्याला कड आली. मग साडीच्या निऱ्या, कोपरं, दोन्ही हातांनी तोंडापुढे धरलेला काळा चौकोन. कॅमेऱ्याच्या खालून अर्धं तोंड दिसत होतं, आणि ते हसत होतं. ओळखायला चेहरा लागतच नव्हता. माझी आई उभी होती तिथे. पंचेचाळीस वर्षांची, पाय फाकवून, एखाद्या पैलवानासारखी.

अण्णा पुढे वाकले. नाक काचेला लागेल इतके.

‘हे तिच्या डोक्यावर काय आहे?’

आईच्या डोक्यावर मोठा काळा गोल येत चालला होता. त्याला दांडा फुटला. दांड्याला हात, हाताला पँट-शर्टातला उंच माणूस, बाजूला सरकून, अंग चोरून उभा राहिलेला.

‘छत्री,’ मी म्हणाले.

‘माझी छत्री!’ अण्णा म्हणाले. आणि एकदम खुर्चीत मागे टेकले. ‘ऊन लेन्समध्ये शिरत होतं. फोटो पांढरा पडला असता सगळा. मी धरली. वारा असला होता, छत्री उलटी व्हायला बघत होती, दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला दिसतच नव्हतं पुढे काय चाललंय. नुसतं ऐकू येत होतं. ह्या हसत होत्या.’

ते पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. मग माउस माझ्या हातातून काढून घेतला आणि आईचे फोटो उघडले, एकेक. मी ओळखते हे बघणं. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामात खोट काढणाऱ्या माणसाचं बघणं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, शाळा तिरकी आहे.

‘नजर बघ,’ ते म्हणाले. ‘वैजू, नजर बघ ह्यांची. मला आयुष्यात कुणी अशी नजर दिली नाही. पन्नास वर्षं फोटो काढले मी. ही नजर मला नाही मिळाली.’ आणि मग त्यांचा जुना आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. ‘शालन! अगं ए शालन! इकडे ये!’

आई हाताला मेथीची माती तशीच घेऊन दारात आली. आधी माझ्याकडे असं बघितलं की मी मान वळवली. मग तिचं पडद्याकडे लक्ष गेलं. चष्मा सारखा केला, आणखी जवळ आली.

‘अगं बाई! डोक्यावरचा पदर कुठाय माझा? सगळ्या गावासमोर?’

‘दोन्ही हातांत कॅमेरा होता,’ अण्णा म्हणाले, ‘पदर कुठल्या हाताने धरणार होतीस?’

‘आणि हे तुम्ही? छत्री धरून?’

‘मग काय! एक कवडसा पडू दिला नाही लेन्सवर!’

आईने तोंडाला पदर लावला. हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. पण अण्णांची छाती अशी फुगली होती की राज्याचं बक्षीस घेतानाच्या फोटोतसुद्धा तेवढी नाही. आणि माझी? माझं काय सांगू! त्या क्षणी कुणी येऊन विचारलं असतं की तू कुणाची, तर मी गच्चीवर जाऊन ओरडून सांगितलं असतं.

‘फोन लाव त्या पोरीला,’ अण्णा म्हणाले.

‘आईची शपथ आहे, अण्णा.’

‘तुला असेल. मला कुठे घातलीय? लाव.’

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. मृण्मयी घाईघाईने ‘आजोबा, नमस्कार’ म्हणाली. अण्णांनी घसा खाकरला.

‘हे बघ पोरी, जाहीर जोडचित्र म्हणून नोंद कर. फोटोखालचं माझं नाव खोड. तिथे लिही, छायाचित्र: शालन ताजणे. त्याखाली, जोडकाम आणि छत्री: रंगनाथ ताजणे.’

‘छत्री?’

‘छत्री.’

‘आजोबा, नोंदीच्या फॉर्ममध्ये छत्रीला रकाना नाही हो.’

‘मग नवीन पाड! बाईने फोटो काढला आणि बाप्याने छत्री धरली, हे तुमच्या सरकारला कधी सुचलंच नसेल म्हणून रकाना नाही. आणि सत्काराच्या कार्डावरही तिचं नाव घाल. सदरा मी शिवून घेतलाय, तर मी येणारच, पण शाल तिला. मी मागे उभा राहीन.’

‘उगाच काहीतरी,’ आई पुटपुटली. ‘ह्यांचं ऐकू नकोस गं.’

मृण्मयी म्हणाली, ‘आजी, मी लिहिलंसुद्धा.’ मग पुढे म्हणाली, ‘त्या दुसऱ्या रांगेत उजवीकडे कपाळाला पट्टी बांधलेली आहे ना, ती माझी आजी. ती नेहमी सांगायची की फोटो शालीने काढला. आम्हाला वाटायचं, म्हातारी काहीतरीच बोलते.’

फोनमधून टाइप केल्याचा आवाज येत होता. मग मृण्मयीने वाचून दाखवलं, ‘नांदखोरे, दोन हजार नऊ. छायाचित्र, शालन ताजणे. जोडकाम आणि छत्री, रंगनाथ ताजणे. बरोबर?’

‘बरोबर,’ अण्णा म्हणाले.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मातीचे हात पदराला पुसत तिने माझ्याकडे पाहिलं.

‘तिला म्हणावं परत वाच,’ ती म्हणाली. ‘आणि जरा सावकाश.’

मृण्मयीने परत वाचलं.